वऱ्हाडाची शाई

रंगाचे कारखाने चालवणारी माणसं एक तर दुष्ट असावीत किंवा त्यांनी जन्मात कधी ब्रश हातात धरलेला नसावा. मला दुसरं जास्त पटतं. दुष्टपणाला थोडी तरी बुद्धी लागते. एखादी शाई लोक वर्षानुवर्षं बिनतक्रार वापरताहेत असं कळलं की ह्यांच्या पोटात दुखायला लागतं. मग ते ती बंद करतात आणि तिच्या जागी नव्या बाटलीत, नव्या नावाने गटाराचं पाणी विकायला काढतात. बाटलीचं झाकण मात्र सुरेख असतं.

माझी बंद झालेली शाई तपकिरी होती. तिचं महत्त्व कळायचं तर आधी माझं खूळ सांगायला हवं, आणि खूळ सांगायचं तर बायकोचं माहेर आलंच.

मी पुण्याचा. नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि बनशंकरीत घर करून राहिलो. नोकरी एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत, गंजाच्या विभागात. पत्र्याचे तुकडे मिठाच्या धुक्यात टांगायचे आणि ते कधी गंजतात याची महिनोन्महिने वाट बघत बसायचं. नातेवाइकांत मी याला संशोधन म्हणत असे. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी भाषणात सांगितलं, की ह्यांच्याइतका संयम कुणाकडे नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे वाभाडे निघणार आहेत.

बायको चामराजपेटेतली. तिच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून इतक्या पिढ्या झाल्या, की कोणत्या गावाहून निघालो याबद्दल त्यांच्यात अजून भांडणं होतात. घरात मराठीच, पण निम्मी कन्नडात भिजलेली. नवरात्रात त्यांच्याकडे इथल्या रिवाजाप्रमाणे पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. सगळ्यात वरच्या पायरीवर लाल लाकडाची राजा-राणीची जोडी. ही जोडी मुलीला लग्नात आईने द्यायची. बायकोलाही तिच्या आईने दिली होती. लग्नानंतर ती जोडी पुण्यात पेटीतून बाहेर निघाली तेव्हा माझ्या आईने चष्म्यावरून बघून विचारलं होतं, "ह्यांची पूजा करायची, की ह्यांच्याशी खेळायचं?" त्यावर बायकोने जोडी परत पेटीत ठेवली. बंगळुरात बिऱ्हाड झालं तेव्हाच ती पुन्हा पायरीवर बसली.

त्या पायऱ्यांचा एक नियम आहे: दर वर्षी निदान एक तरी नवी बाहुली हवी. पहिल्याच वर्षी मी म्हटलं, विकत कशाला, मी करतो. नळ गळायला लागला की प्लंबर दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळून लावतो ना, ती पुट्टी घेतली, तारेच्या सांगाड्यावर थापली आणि बोटाच्या पेराएवढा एक ढोलवाला केला. बायकोने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा एकटाच काय वाजवतोय? वऱ्हाड कुठंय?"

मग दर वर्षी एकेक वऱ्हाडी होत गेला. सनईवाला झाला, घोडा झाला, घोड्यावर नवरा झाला. ताट घेतलेली मावशी झाली, रुसून तोंड फिरवलेले काका झाले, गर्दीत चप्पल शोधणारा एक माणूस झाला. नवरी तेवढी केली नव्हती. कुणी विचारलं की मी म्हणत असे, नवरी वऱ्हाडात नसतेच, ती मांडवात वाट बघत असते. उत्तर तर्काला धरून होतं. खरं कारण भीती हे होतं. काकांचा चेहरा बिघडला तर काका अजून रुसले म्हणून खपवता येतं. नवरीचा बिघडला तर काय म्हणायचं?

आता शाई. पेराएवढ्या माणसाचे डोळे-नाक ब्रशने काढता येत नाहीत. काढायला गेलं तर माणूस भुतासारखा दिसतो. आधी साधे रंग द्यायचे, अंगाला गव्हाळ, धोतराला पांढरा. मग ती पाण्यासारखी पातळ शाई वरून सोडायची. ती उंचवट्यावर थांबत नाही, खाचांत उतरते. धोतराच्या निऱ्यांत, नाकाच्या कडेला, बोटांच्या मध्ये जाऊन बसते आणि अचानक समोरचा गोळा माणूस होतो. त्यात माझं कौशल्य शून्य. सगळं श्रेय शाईचं, आणि ते मी वर्षानुवर्षं पाहुण्यांसमोर निर्लज्जपणे स्वतःकडे घेत आलो.

मुलीचं लग्न ठरलं ते पुण्याच्या मुलाशी. साखरपुड्याला आम्ही तिकडे गेलो. मुलगा सज्जन, विहीणबाई नीटनेटक्या, इतक्या की त्यांच्या घरातल्या झाडांनाही इस्त्री केलेली वाटावी. चहा की कॉफी असं विचारल्यावर बायको सहज म्हणाली, "कॉफी चालेल, स्वल्प." विहीणबाईंची बहीण बाजूलाच होती. ती हसली. "स्वल्प? तुम्ही घरी संस्कृतात बोलता की काय?" सगळे हसले. मीही हसलो. पुणेकराला कुणाच्या तरी बोलण्यावर हसायची संधी सोडवत नाही, मग ती स्वतःची बायको का असेना.

निघताना विहीणबाईंनी अगदी मायेने विचारलं, "आणि रुखवताचं कसं? तुमच्याकडे असतं का हो रुखवत?"

त्यांनी 'तुमच्याकडे' असं म्हटलं होतं, जणू आम्ही समुद्रापलीकडून आलो होतो. बायको म्हणाली, "असतं की." विमानात ती खिडकीतून बाहेर बघत बसली. ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. उतरताना ती म्हणाली, "रुखवतात वऱ्हाड ठेवायचं. सगळं. आणि नवरी करायची."

मी म्हटलं, "नवरी वऱ्हाडात—"

"असं काही मांडायचं की त्या बाईंनी पुन्हा 'तुमच्याकडे' म्हणायला नको."

एवढंच. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, पण विहीणबाईंचा फोन आला की तिचं बोलणं बदलायचं. 'स्वल्प'चं 'थोडंसं' व्हायचं, 'सरी'चं 'बरं' व्हायचं. शब्द निवडून, पुसून, ताटात मांडल्यासारखे. फोन ठेवला की ती दमलेली असायची. लग्न मुलीचं होतं, परीक्षा हिची चालली होती, आणि तिचा पेपर माझ्या हातात होता.

मुलीचा सल्ला साधा होता. "बाबा, पूर्ण रुखवत ऑनलाइन मिळतं. सेटच येतो. बैलगाडी, तुळशीवृंदावन, सप्तपदीच्या सुपाऱ्या, सगळं." तिने मोबाइलवर दाखवलं. सुपाऱ्यांना डोळे चिकटवले होते. पाहून मला त्या सुपाऱ्यांची दया आली आणि विकत घेणाऱ्यांची किळस.

नवरी मी घडवली. बरी झाली, मान जराशी झुकलेली. रंग दिले आणि शाईची बाटली उघडली. तळाशी तपकिरी पापुद्रा होता, वाळलेल्या तळ्यासारखा भेगाळलेला. पाणी घालून हलवला तर त्याचे तुकडे बाटलीत गोल गोल फिरायला लागले. नवी मागवायला गेलो तर कळलं, कंपनीने ती शाई केव्हाच बंद केली. नवी, सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे म्हणे. ती मागवली. चहाच्या कपात बिस्कीट विरघळल्यावर तळाला जे उरतं, तो रंग. एका जुन्या, बिघडलेल्या सनईवाल्यावर लावून बघितली, त्याला कावीळ झाली. फाउंटन पेनची तपकिरी शाई आणली, ती वाळताना फुटून कडेने गुलाबी आणि मध्ये हिरवी झाली. घरच्या फिल्टर कॉफीचा डिकॉक्शनही लावून पाहिला. रंग सुंदर आला, मुंग्याही आल्या.

इंटरनेटवर या विषयावर लिहिणारी माणसं म्हणजे एक वेगळीच जमात. प्रत्येकाला 'अगदी तोच' पर्याय सापडलेला असतो आणि तो दुसऱ्याच्या पर्यायाशी जुळत नाही. एकाने तीन शायांचं मिश्रण सांगितलं होतं. त्यातल्या दोन बंद झालेल्या होत्या.

शेवटी कुणीतरी सांगितलं, बेळ्ळंदूरला दर शनिवारी अशा छोट्या मूर्ती रंगवणाऱ्यांचा गट जमतो. गेलो. बनशंकरीहून बेळ्ळंदूर म्हणजे अंतर थोडं आणि प्रवास दिवसाचा. रिंग रोडवर माझी टॅक्सी एकाच उंच इमारतीच्या शेजारी इतका वेळ उभी होती, की तिच्या काचा पुसणारा माणूस वरून खाली पोचला. गट भरायचा एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सगळे आयटीतले, सगळ्यांना दाढ्या, प्रत्येकापुढे टेबलावरच्या लढाईच्या खेळातला एकेक राक्षस. दात, शिंगं, कवट्या, साखळ्या. ह्या मुलांना पगार बहुधा फार मिळत असावा. सुखी माणसाशिवाय इतक्या कवट्या कोण रंगवील? मी डबीतून ताटवाली मावशी काढून टेबलावर ठेवली. सगळे वाकून बघायला लागले.

"सर, ही कुठल्या आर्मीतली?" एकाने हिंदीत विचारलं.

"नवऱ्यामुलाकडची," मी म्हटलं.

मग त्यांनी शाईवर चर्चा केली. एक म्हणाला, जुनीत लाल झाक होती. दुसरा म्हणाला, छे, पिवळी. ते एकमेकांना मोबाइलवर फोटो दाखवायला लागले, आणि ज्याच्याबद्दल भांडण होतं त्या रंगाची एकुलती एक खरीखुरी मावशी समोर टेबलावर ताट घेऊन उभी होती, तिच्याकडे कुणी बघेना. त्यांच्यात पुण्याचा एक मुलगा निघाला. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, ॲक्च्युअली ती शाई माझ्याकडे आहे."

माझ्या अंगावर काटा आला. "किती?"

"एक बाटली. पण सीलबंद आहे."

"मग उघडू या की."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी त्याच्या आजीच्या अस्थी फोडणीला मागितल्या. "काका, ती कलेक्शनची आहे. मी सील तोडत नाही."

"वापरणार कधी?"

"वापरायला नाहीये ती."

मी परत आलो. वाटेत पुन्हा तीच इमारत भेटली.

आता उरले मामा. बायकोचे मामा चामराजपेटेत शाळेचे गणवेश आणि रेनकोट विकतात. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. त्यांचे आजोबा रंगारी होते, कापड रंगवायचे, आणि मामांनी या एका गोष्टीवर आयुष्यभर मोठेपणा मिरवला आहे. मी कधी त्यांच्याकडे सल्ल्याला गेलो नव्हतो, म्हणून ते खूश झाले.

"रंग आमच्या रक्तात आहे, जावईबापू. काय पाहिजे?"

"तपकिरी शाई. पाण्यासारखी पातळ."

"तपकिरी म्हणजे? ब्राउन का मरून?" असं म्हणून त्यांनी दोन शाळांचे गणवेश माझ्यासमोर धरले आणि दोन्हीला एकदा ब्राउन आणि एकदा मरून म्हटलं. इथेच उठून यायला हवं होतं.

"हिरडा घ्या, काथ घ्या, कुटा, लोखंडाच्या कढईत रटरट उकळा. आजोबा असंच करायचे. डिंक घाला स्वल्प. आयतु, झालं काम."

"किती वेळ उकळायचं?"

"रंग येईपर्यंत."

"कुठला रंग?"

"तुम्हाला पाहिजे तोच की."

असं मार्गदर्शन घेऊन मी घरी आलो. बायको पत्रिका वाटायला गेली होती. ती भज्यांसाठी वापरते ती लोखंडी कढई मी काढली, चामराजपेटेतूनच आणलेला हिरडा आणि काथ त्यात उकळला, गाळला, डिंक घातला. मला सांगायला लाज वाटते, पण रंग हुबेहूब आला. जुन्या शाईला बहीण म्हणून शोभेल इतका. नवरीवर सोडली तर ती झुकलेल्या मानेच्या खाचेत उतरली, पापण्यांखाली थांबली, आणि ती एकदम कुणाची तरी मुलगी दिसायला लागली.

शहाण्या माणसाने इथे थांबावं, दोन दिवस वाट बघावी. मी लगेच तिच्यावर वॉर्निश चढवलं, म्हणजे कुणाचा हात लागून पुसायला नको, आणि फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं: 'घरगुती शाई. पूर्णपणे स्वदेशी.' मामांनी उत्तरादाखल हात जोडलेली सहा चित्रं पाठवली. बायको परत आली, नवरीकडे बघितलं आणि म्हणाली, "हं. आता बोलू दे त्यांना." साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

दुसऱ्या दिवशी नवरी वऱ्हाडापेक्षा एक छटा गडद वाटली. वऱ्हाडाचा ढोलवाला शेजारी धरला. फरक होता. मी विचार केला, आणि हा विचार मला बरोबर वाटला हे विसरू नका, की नवरी गडद झालेली नाही, वऱ्हाडच फिकं पडलंय. इतकी वर्षं खिडकीजवळच्या कपाटात आहेत बिचारे. मग उपाय उघड होता. सगळ्या वऱ्हाडाला नव्या शाईचा एकेक हात द्यायचा, म्हणजे सगळे सारखे. मी ब्रश घेतला आणि जे वऱ्हाड मुलीच्या बालपणापासून हळूहळू जमत आलं होतं, ते एका सकाळी सगळं न्हाऊन काढलं. मावशी, काका, चप्पल शोधणारा, घोडासुद्धा. वॉर्निश संपलं होतं, म्हणून ते तेवढं राहिलं. माझ्या मूर्खपणावर देवाने केलेली ही एकमेव कृपा.

मग दिवसागणिक सगळं वऱ्हाड काळवंडत गेलं. आधी तपकिरी, मग जांभळट, मग शेवाळी, मग काळं. काका तर असे दिसत होते, की आता खरंच रुसायला कारण मिळालं. मी सकाळी उठून कपाटाकडे बघायचो आणि दिवसभर त्या खोलीत जायचं टाळायचो. लग्न तोंडावर आलं होतं.

मुलगी येऊन बघून गेली. "बाबा, सगळे उन्हात पार्किंग शोधत होते का?"

बायको स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने कढई घेऊन बाहेर आली.

"ह्यात काय उकळलं होतंत?"

कढईचा तळ निळा-काळा झाला होता. मी त्याकडे बघितलं. तिने अजून एकदा विचारलं. मी अजून बघतच होतो. हिरड्याचा तुरटपणा, कढईचं लोखंड आणि हवा. लोखंड शाईत उतरलं होतं आणि ते हवेत हळूहळू काळं पडत होतं. शाई नव्हतीच ती, माझा व्यवसाय होता तो. ज्या माणसाने नोकरीभर लोखंडाचं हवेत काय होतं हे पाहायचा पगार घेतला, त्याने आपल्या मुलीच्या रुखवतातल्या नवरीवर लोखंड उकळून ओतलं आणि एक दिवस वाट बघितली नाही. साहेबांनी संयमावर केलेलं भाषण मला तिथे उभ्याउभ्या पूर्ण आठवलं.

मी मामांना फोन लावला. "मामा, ती शाई काळी पडली."

"पडणारच की. आजोबा काळाच रंग करायचे. छत्र्यांच्या कापडाला."

"मला तपकिरी पाहिजे होती."

"मग तसं सांगायचं ना." खरं तर मी तसंच सांगितलं होतं, पण मामांशी वाद घालणं म्हणजे रेनकोट घालून आंघोळ करणं. त्यांना काही लागत नाही.

बायकोने कढई टेबलावर ठेवली. आवाज झाला नाही, हळूच ठेवली. "लोक लग्नाला येतील," ती म्हणाली, "आणि विचारतील, हे वऱ्हाड कोळशाच्या खाणीतून निघालंय का. त्या बाई विचारणार नाहीत. त्या नुसत्या बघतील." ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिचं पाठ फिरवणं मला काकांपेक्षा जास्त जमलेलं वाटलं, आणि मला काकांना घडवल्याची लाज वाटली.

आता जे मला येत होतं ते तरी करावं, म्हणून लिंबं कापली. गंजाचे डाग काढायला प्रयोगशाळेत जी आम्लं वापरायचो, त्यांचं लिंबू हे गरीब नातेवाईक. जुन्या टूथब्रशने एकेका वऱ्हाड्याला चोळत बसलो. डिंक सुटला, काळं उतरायला लागलं. उंचवट्यावरचं गेलं, खाचांतलं थोडं राहिलं. कुणाकुणाच्या कोपराचा, गुडघ्याचा मूळ रंगही सोबत गेला. घोड्याची शेपटी पांढरी झाली. काळे नव्हते ते आता, तपकिरीही नव्हते. लांबच्या एसटीतून उतरलेल्या माणसांसारखे दिसत होते. कळकट, पण माणसं.

नवरी तशीच राहिली. मी हौसेने चढवलेल्या वॉर्निशखाली ती सुरक्षित होती, आणि काळी होत होती. लिंबू तिला लागतच नव्हतं. वॉर्निश काढायला गेलो तर चेहराही गेला.

"दुसरी करतो," मी म्हटलं.

"कशाने?" बायकोने विचारलं. "परत कढई देऊ?"

ती बराच वेळ त्या कळकट वऱ्हाडाकडे बघत होती. मग उठली, माळ्यावरून नवरात्राची पेटी काढायला लावली आणि लाल लाकडाची जोडी बाहेर काढली. फडक्याने पुसली. टेबलावर वऱ्हाडाच्या पुढे ठेवली. राजा-राणी वऱ्हाडापेक्षा दहापट मोठे. बाहुल्यांच्या गुडघ्यापर्यंत घोडा पोचत नव्हता.

"प्रमाण बिघडतं," मी म्हटलं. अजूनही मला तोंड होतं, याचं आज आश्चर्य वाटतं.

"तुम्ही प्रमाणाबद्दल बोलू नका," ती म्हणाली. "स्वल्प दिवस तरी."

लग्न इथेच, जयनगरच्या एका कल्याण मंटपात, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयात, होतं. वऱ्हाड पुण्याहून रेल्वेने रात्रभर येऊन सकाळी उतरलं होतं. रुखवताच्या टेबलावर लाडवांचा डोंगर, करंज्या, बायकोच्या बहिणींनी विणलेलं तोरण आणि मध्ये ती जोडी, पुढे माझं वऱ्हाड रांगेत. विहीणबाई आल्या, सोबत ती हसणारी बहीण. बायको टेबलाच्या पलीकडे उभी होती आणि तिने पदर असा घट्ट धरला होता, की मला तिच्या बोटांची काळजी वाटली.

विहीणबाई चष्मा नाकावर सरकवून वाकल्या. ढोलवाल्यापासून सुरुवात केली. सनईवाला, घोडा, मावशी. एकेकापाशी थांबत होत्या. मग सरळ झाल्या.

"सुरेख काम आहे हो. किती बारीक." थांबल्या. "जरा कळकट नाही का वाटत पण?"

मी तोंड उघडलं. हिरडा, लोखंड, हवा, बंद झालेली शाई, सगळं सांगायच्या तयारीत होतो. बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही.

"वऱ्हाड आहे ना ते, विहीणबाई," ती म्हणाली. "लांबून आलंय. प्रवासात स्वल्प मळलंय."

तो शब्द तिने पुसला नाही, बदलला नाही. बहीण हसायच्या तयारीत होती. पण विहीणबाईंनी मागे वळून आपल्या यजमानांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसून पेंगत होते, सदऱ्यावर रेल्वेच्या चहाचा ओघळ होता, एका पायात मोजा नव्हता. विहीणबाईंनी पुन्हा वऱ्हाडाकडे बघितलं आणि चप्पल शोधणाऱ्या माणसावर बोट ठेवलं.

"हे आमचे हे," त्या म्हणाल्या.

हसल्या की नाही ते सांगता येत नाही. पुण्यात हसणं आणि ओठ मुरडणं यांत फार अंतर नसतं, आणि मी तिथलाच असल्याने मला ते ओळखता यायला हवं होतं. बायकोला मात्र कळलं असावं, कारण पदरावरची तिची मूठ सैल झाली.

"आणि ही जोडी?" विहीणबाईंनी विचारलं.

"ही आमच्याकडची," बायको म्हणाली, आणि तिने 'आमच्याकडची' असं म्हटलं तेव्हा मी मान खाली घातली. "आईनं मला दिली, मी हिला देते. नवरात्रात पायऱ्या मांडून वर बसवायची."

"पायऱ्या? आमच्याकडे पायऱ्या नाहीत."

"करून घ्या. मी सांगते फोनवर, कशा ते. आणि दर वर्षी एक नवी बाहुली लागते, नाहीतर शोभत नाही."

"ती कुठून आणायची?"

बायकोने हाताने माझ्याकडे दाखवलं, न बघता, जसं कोपऱ्यातला पंखा दाखवावा तसं. "हे करतील की. ह्यांना हौस आहे."

विहीणबाई माझ्याकडे बघून समाधानाने मान डोलवायला लागल्या. माझ्याकडे शाई नाही हे सांगायची ती वेळ नव्हती.